दाखल्यावर काय लिहू?

शनिवारी संध्याकाळी भायखळ्याला आमच्या मंडळीत तरुण संघ भरतो. मराठी ख्रिस्ती माणूस चर्चला ‘मंडळी’ म्हणतो. विटांच्या इमारतीला तो शब्द नाही, तिथे जमणाऱ्या माणसांना आहे. गोवंडी, परळ, डोंबिवली अशी कुठूनकुठून पंधरा-वीस मुलं येतात. गाणी होतात, शास्त्रवाचन होतं आणि मग प्रश्न निघतात. कॉलेज प्रवेशाच्या धावपळीच्या दिवसांत एका मुलाने विचारलं, “काकू, आजोबांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘हिंदू’ आहे, पुढे जात आहे. बाबांच्याही तेच. घरात तीन पिढ्या रोज रात्री प्रार्थना होते. मी फॉर्मवर खरं लिहिलं तर सवलत जाते. खोटं लिहिलं तर मी प्रभूला नाकारलं असं होतं का?”

खोलीत कोणी हललं नाही. निम्म्या मुलांच्या घरात हाच प्रश्न आहे.

“विश्वासात टिकून राहा” हे वाक्य आम्ही लहानपणापासून प्रत्येक उपदेशात ऐकतो. पण टिकून राहणं म्हणजे नेमकं काय? छाती पुढे काढून मार खाणं? कधीच न घाबरणं? घाबरून एकदा तोंडातून ‘नाही’ गेलं की सगळं संपलं? ख्रिस्ती परंपरेने या प्रश्नांवर खूप डोकं लावलंय, आणि तिची उत्तरं लोकांना वाटतात त्यापेक्षा बरीच माणुसकीची आहेत. ती मला जमतील तशी सोपी करून मांडते.

आधी त्या मुलाच्या फॉर्मचं बघू. अनुसूचित जातींत कोण मोडतं ते ठरवणारा राष्ट्रपतींचा १९५० चा आदेश मुळात हिंदूंपुरता होता. १९५६ साली त्यात शीख आले, १९९० साली बौद्ध आले. ख्रिस्ती आणि मुसलमान आजही बाहेर आहेत. महाराष्ट्रात अशा धर्मांतरित ख्रिस्ती कुटुंबांची गणना इतर मागास वर्गात होते. तिथे सवलत आहे, पण तीच नाही. आदेशाविरुद्धच्या याचिका सर्वोच्च न्यायालयात २००४ पासून आहेत. त्याच न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये असंही सांगितलं, की केवळ आरक्षणासाठी मनात नसलेला धर्म कागदावर दाखवणं ही राज्यघटनेची फसवणूक आहे. म्हणजे कायद्याच्या बाजूने वाट अरुंद आहे. जात मात्र बाप्तिस्म्याच्या पाण्याने धुऊन जात नाही. भाड्याची खोली बघायला गेलं की आडनाव सांगितल्यावर समोरच्याचा चेहरा बदलतो, गळ्यातला क्रूस त्याला दिसतसुद्धा नाही. म्हणून मी त्या मुलाला “खरं लिही आणि मोकळा हो” असं चटकन म्हणू शकले नाही. ज्याची फी दुसरा कोणी भरतो त्याने असं बोलू नये.

दाखल्याची ही अडचण मात्र आजची नाही. इसवी सन २४९ मध्ये डेसियस रोमचा सम्राट झाला. साम्राज्यातल्या सगळ्यांनी देवतांना बळी अर्पण करावा आणि तसं केल्याचा दाखला सरकारी समितीकडून घ्यावा, असा त्याने हुकूम काढला. इजिप्तच्या वाळूत असे चाळीसहून जास्त दाखले सापडले आहेत. मजकूर साधारण एकसारखाच: मी कायम देवतांना अर्पण करत आलो आहे, आत्ताही तुमच्यासमोर केलं, कृपया सही करावी. खाली अधिकाऱ्यांच्या सह्या. आपल्या तहसील कचेरीतल्या माणसाला तो कागद दाखवला तर त्याला परका वाटणार नाही.

ख्रिस्ती लोकांची अडचण अशी, की सम्राटासाठी ते प्रार्थना करत, कर भरत, पण सम्राटापुढे किंवा देवतांपुढे धूप जाळत नसत. काहीजण तुरुंगात गेले, काही मेले. आणि पुष्कळांनी मुकाट्याने बळी दिला. लेकरं होती, दुकानं होती. आणखी काहींनी तिसरी वाट काढली. बळी दिला नाही, अधिकाऱ्याला पैसे चारून नुसता दाखला मिळवला. मनात एक, कागदावर एक.

छळ थंडावला आणि हे सगळे परत मंडळीच्या दाराशी आले. आता यांचं काय करायचं? रोममध्ये नोव्हेशियन नावाचा पुढारी म्हणाला, जो पडला त्याला मंडळीने परत घेऊ नये, त्याचा न्याय देव करील. उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजमध्ये, म्हणजे आजच्या ट्युनिशियात, सिप्रियन बिशप होता. तो स्वतः छळाच्या काळात शहर सोडून लपला होता आणि त्यावरून त्याने टोमणेही खाल्ले होते. २५१ साली तिथल्या बिशपांनी ठरवलं, की सगळ्यांना एकाच मापाने मोजायचं नाही. कोण धावत जाऊन बळी देऊन आला, कोणाला ओढत नेलं, कोणी फक्त कागद विकत घेतला, हे एकेकाचं ऐकून घ्यायचं. पश्चात्तापाचा काळ कोणाला जास्त, कोणाला कमी. दार मात्र कोणालाच कायमचं बंद नाही. पुढे सगळ्या मंडळ्यांनी हीच वाट धरली, नोव्हेशियनचा गट वेगळा पडला. आणि लपलेल्या सिप्रियनचं काय झालं? २५८ मध्ये दुसऱ्या सम्राटाच्या काळात त्याला पकडलं. या वेळी तो पळाला नाही. तलवारीने त्याचं मस्तक उडवलं.

मला या गोष्टीत फार मोठा दिलासा वाटतो. जो एकदा लपला तोच पुढे उभा राहिला. लपणं हा शेवट नव्हता.

शिवाय लपणं हे पाप आहे असं शास्त्र म्हणतच नाही. एका गावात छळ झाला तर दुसऱ्या गावात पळून जा, असं प्रभू येशूने शिष्यांना स्वतः सांगितलं आहे, मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात. पहिल्या शतकातला ख्रिस्ती प्रचारक पौल, त्याला दमास्कसच्या गावकुसावरून पाटीत बसवून रात्री खाली सोडलं होतं. जेरुसलेममध्ये फटके मारायला बांधलं तेव्हा त्याने विचारलं, रोमी नागरिकाला चौकशीशिवाय फटके मारणं कायद्यात बसतं का? पुढे त्याने थेट कैसराकडे, म्हणजे रोमच्या सम्राटाकडे, अपील केलं. त्यामुळे पोलीस ठाण्यात तक्रार देणं, वकील करणं, धर्मस्वातंत्र्य देणाऱ्या घटनेच्या कलम २५ कडे बोट दाखवणं, यात विश्वास कमी पडला असं मुळीच नाही. “प्रभू बघून घेईल, कोर्टात कशाला?” असं म्हणणारे आमच्यात आहेत. पौलाने तसं म्हटलं नव्हतं एवढंच मी त्यांना सांगते.

मग मागितलं तरी काय आहे? बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणात, स्मुर्णा नावाच्या शहरातल्या मंडळीला निरोप आहे: “मरेपर्यंत तू विश्वासू राहा, म्हणजे मी तुला जीवनाचा मुगूट देईन.” यातला ‘विश्वासू’ हा शब्द नीट बघा. आपण घरच्या जुन्या माणसाला विश्वासू म्हणतो ते तो कधी चुकला नाही म्हणून म्हणत नाही. तो आपला राहिला, उलटला नाही, म्हणून म्हणतो. नवरा-बायकोच्या नात्यातही हाच शब्द. आधी नातं, मग नियम. आणि जिवानिशी गेलेल्याला मराठी ख्रिस्ती ‘रक्तसाक्षी’ म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थही ‘साक्षीदार’ असाच आहे. साक्षीदाराला कोर्टात एवढंच करायचं असतं, की जे पाहिलं ते बदलायचं नाही. न घाबरता सांग, अशी अट नसते. थरथरत सांगितलेली साक्षही नोंदली जाते.

बायबलच्या नव्या करारात ‘धीर’ म्हणून जे भाषांतर येतं, त्या ग्रीक शब्दाची फोड ‘खाली राहणं’ अशी होते. ओझ्याखाली राहणं. माझे वडील मशीद बंदरला माथाडी होते, म्हणून मला हा शब्द पाठ्यपुस्तकाविना कळला. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर पोतं. पण ते पोतं कोणी एकट्याने डोक्यावर घेत नाही, दोघे उचलून देतात. आणि पोतं चढल्यावर माणूस जागेवर थिजत नाही, उलट लगबगीने चालायला लागतो, कारण थांबलं की मान भरते. विरोधाखाली टिकणं म्हणजे दात-ओठ खात ताठ उभं राहणं, असं मला कधी वाटलं नाही ते त्यांच्यामुळे.

वसई आणि नागासाकी

साक्षीचा मोठा दाखला शोधायला दूर जायला नको. विरार लोकल पकडा, वसईला उतरा. गोन्सालो गार्सिया इथे जन्मला, सोळाव्या शतकात. बाप पोर्तुगीज, आई इथलीच. जपानला गेला, व्यापार केला, भाषा शिकला, पुढे फ्रान्सिस्कन साधूंच्या संघात बंधू झाला आणि तिथल्या धर्मगुरूंचा दुभाष्या म्हणून काम केलं. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर सव्वीस जणांना क्रूसावर चढवलं, त्यात तो होता. १८६२ मध्ये त्याला संत घोषित केलं. भारतात जन्मलेला पहिला संत तो हाच.

पण मला त्याच्या नंतरची गोष्ट जास्त सांगायची आहे. सतराव्या शतकात जपानने ख्रिस्ती धर्मावर पूर्ण बंदी घातली. नागासाकीच्या मुलखात लोकांना ठरावीक काळाने येशूच्या किंवा मरियेच्या चित्रावर पाय ठेवून दाखवावा लागे. ठेवला नाही तर छळ. गावंच्या गावं पाय ठेवत राहिली. आणि घरी येऊन दार लावून पश्चात्तापाची प्रार्थना म्हणत राहिली. धर्मगुरू नाही, ग्रंथ नाही, देऊळ नाही. पिढ्यान्‌पिढ्या बाप्तिस्मा आपापसांत देत राहिले. १८६५ मध्ये नागासाकीत परदेशी लोकांसाठी नवं चर्च उभं राहिलं, तेव्हा काही खेडूत हळूच आत आले आणि तिथल्या फ्रेंच धर्मगुरूला म्हणाले, आमचं मन तुमच्यासारखंच आहे. दोनशेहून जास्त वर्षं गेली होती.

यातले विश्वासू कोण? क्रूसावर गेलेला वसईचा गोन्सालो तर नक्कीच. आणि चित्रावर पाय देऊन रात्री रडणारी ती आई? मी तिला बाहेर काढणार नाही. कोणी काढू नये. पण हेही खरं, की ती रडत होती. पाय ठेवणं तिने कधी ‘चालतं’ म्हणून स्वतःला पटवलं नाही, आणि मुलांना खरं काय ते सांगायचं सोडलं नाही. माझ्या मते सगळा फरक तिथे आहे. दबावाखाली वाकणं एक, आणि वाकलेल्यालाच सरळ म्हणणं दुसरं.

घरातला विरोध

आपल्याकडे विरोध बहुतेक वेळा घरातून येतो, आणि तो सगळ्यात जड असतो, कारण तो प्रेमातून येतो. १८३९ साली मुंबईत धनजीभाई नवरोजी आणि होरमसजी पेस्तनजी या दोन पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला. धनजीभाई जेमतेम सोळा-सतरा वर्षांचे. प्रकरण कोर्टात गेलं, शहर पेटल्यासारखं झालं, स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांच्या शाळेतून पालकांनी मुलं काढून घेतली. दोघेही टिकले. धनजीभाई पुढे धर्मोपदेशक झाले. पण आई-वडिलांच्या बाजूने ते दिवस कसे गेले असतील, हाही विचार माझ्या मनात येतो. त्या काळी धर्म बदलला की वारसाहक्क जायचा, तो जाऊ नये म्हणून १८५० मध्ये कायदा झाला. कायद्याने जमीन परत मिळते. जेवणाच्या पंक्तीतली जागा कायद्याने मिळत नाही.

नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पत्नी लक्ष्मीबाई सोबत नव्हत्या. बातमी कळली तेव्हा त्यांच्या माहेर-सासरच्या माणसांवर आभाळ कोसळलं. नवराबायकोची काही वर्षं ताटातूट झाली. नंतर त्या टिळकांकडे परतल्या, पण लगेच ख्रिस्ती झाल्या नाहीत. आपलं सोवळं सांभाळून राहिल्या, आणि टिळकांनी त्यांना ओढलं नाही. त्यांचं मन आपणहून वळलं तेव्हाच त्यांनी बाप्तिस्मा घेतला. टिळकांचा विश्वासूपणा मला त्यांच्या अभंगांइतकाच या वाट बघण्यात दिसतो. आपल्या श्रद्धेसाठी विरोध सोसणाऱ्याने दुसऱ्याच्या श्रद्धेवर जबरदस्ती केली, तर त्याच्या सोसण्याला काय अर्थ उरतो?

इथेच मला चाळीतला गणपती आठवतो. परळला आमच्या मजल्यावर आमचं एकच ख्रिस्ती घर. शेजारच्या आजी उकडीचे मोदक करायच्या. पहिला घाणा बाप्पाचा. दुसरा घाणा उतरला, की त्यातले पाच मोदक वेगळ्या डब्यात आमच्याकडे यायचे आणि आजी दारातूनच सांगायच्या, “नैवेद्याचे नाहीत हो हे.” आईने त्यांना कधी काही सांगितलेलं नव्हतं. त्यांनी स्वतःच विचारून-पाहून ओळखलं होतं. नाताळात आमच्या करंज्या त्यांच्याकडे जायच्या.

करिंथ या ग्रीक शहरातल्या मंडळीत पौलापुढे नेमका हाच प्रश्न होता, देवतांना वाहिलेल्या मांसाचा. त्याचं उत्तर तीन पदरी आहे. मूर्ती म्हणजे काही नाही, त्यामुळे अन्नाने माणूस बाटत नाही. कोणी जेवायला बोलावलं तर वाढलेलं चौकशा न करता खा. पण ‘हे वाहिलेलं आहे’ असं कोणी सांगितलं तर थांब, तुझ्यासाठी नाही, त्या सांगणाऱ्याच्या मनासाठी. आणि पूजेत स्वतः सहभागी मात्र होऊ नकोस, कारण दोन मेजांवर बसता येत नाही. मोदक खावा का, आरतीला उभं राहावं का, ऑफिसातल्या पूजेला वर्गणी द्यावी का, या प्रश्नांना आमच्या मंडळीतल्या दहा घरांत दहा उत्तरं मिळतील. मी स्वतः वर्गणी देते आणि आरतीच्या वेळी शांत उभी राहते, ताट हातात घेत नाही. कोणी वेगळं वागलं तर मी त्याचा विश्वास मोजत नाही.

मात्र एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. आपल्याला झालेला प्रत्येक त्रास ‘ख्रिस्तासाठी’ झालेला नसतो. येशूचा शिष्य पेत्र याने आपल्या पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात बजावलं आहे, की खुनी, चोर, दुष्कर्मी किंवा दुसऱ्याच्या कामात ढवळाढवळ करणारा म्हणून कोणी दुःख भोगू नये. रात्री अकराला चाळीच्या खोलीत कर्णा लावून प्रार्थनासभा घेतली आणि शेजारी भांडायला आले, तर तो छळ नाही. दुसऱ्याच्या देवाची टिंगल केली आणि लोक चिडले, तर तोही नाही. आमिष दाखवून कोणाला बाप्तिस्मा दिला असेल तर त्याचा जाब द्यायलाच हवा. दुसरीकडे, कोणी शांतपणे घरात प्रार्थना करत असताना जमाव येऊन मारतो, दफनभूमीतले क्रूस फोडतो, ‘बाटगे’ म्हणून मुलांना शाळेत चिडवतो, तेव्हा तो अन्याय आहे आणि तसंच म्हणावं. दोन्ही एका सुरात सांगितलं की खरा छळही लोकांना खोटा वाटायला लागतो. मला त्याचं फार वाईट वाटतं.

तक्रार करणं

विरोध नसतो तिथेही कष्ट असतातच. कॅन्सर, बुडालेली नोकरी, दारू पिणारा भाऊ. अशा वेळी मंडळीतली भली माणसं येतात आणि म्हणतात, “कुरकुर करू नका, स्तुती करा.” बायबलमधली स्तोत्रसंहिता उघडून बघा. दीडशे स्तोत्रांतली साधारण तिसरा हिस्सा विलापाची आहेत. किती वेळ, हे प्रभू? झोपलास का? अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी आशेची एक ओळही नाही, आणि तरी ते शास्त्रात आहे. येशूने क्रूसावर बाविसाव्या स्तोत्रातली ओळ म्हटली: “माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?” ही तक्रार आहे. पण ती कोणाकडे केली ते पाहा. ज्याच्यावर विश्वास उरलेला नाही त्याच्याशी माणूस भांडत नाही, त्याला सोडून देतो.

विश्वास धरला की सगळं नीट होतं, हे वचन बायबलमध्ये नाही. इब्री लोकांस पत्राच्या अकराव्या अध्यायात विश्वासाच्या माणसांची यादी आहे. काहींनी विश्वासाने सिंहांची तोंडं बंद केली, आणि त्याच यादीत, त्याच विश्वासाने, काहींना करवतीने चिरलं. दोघांच्या विश्वासात लेखकाने फरक केलेला नाही. बरे न झालेल्या आजाऱ्याला “तुझा विश्वास कमी पडला” असं ऐकवणाऱ्यांनी तो अध्याय शेवटपर्यंत वाचावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

त्या शनिवारी मी मुलांना पेत्राची गोष्ट सांगितली. येशूला पकडलं त्या रात्री ‘मी त्याला ओळखत नाही’ म्हणत पेत्राने प्रभूला तीनदा नाकारलं तेव्हा तो कोळशांच्या विस्तवाशी शेकत उभा होता. पुनरुत्थानानंतर, योहानाच्या शुभवर्तमानाच्या एकविसाव्या अध्यायात, गालीलच्या किनाऱ्यावर येशूने शिष्यांसाठी मासे भाजले, तेही कोळशांच्या विस्तवावरच. योहानाने दोन्हीकडे ‘कोळशांचा विस्तव’ असाच शब्द वापरला आहे आणि नव्या करारात तो आणखी कुठे येत नाही. तोच वास, तीच धग. त्या विस्तवाशी बसवून येशूने त्याला तीनदा विचारलं, “तू माझ्यावर प्रेम करतोस काय?” का नाकारलंस, हे एकदाही विचारलं नाही. आणि प्रत्येक उत्तरानंतर एक काम दिलं, माझी मेंढरं सांभाळ.

मग त्या मुलाला म्हटलं, “खोटं लिही असं मी तुला सांगणार नाही. कायद्यानेही ते चुकीचं आहे आणि तुलाही ते टोचेल, म्हणून तर विचारतोयस. पण खरं लिहिल्याची किंमत तू एकट्याने भरायची, हेही मला मान्य नाही. ओझं द्यायचं तर उचलून द्यायला दोघे लागतात.” पुढच्या आठवड्यात मंडळीच्या बैठकीत शिक्षण निधीचा विषय निघाला. तीन कुटुंबांनी दर महिन्याला रक्कम द्यायचं कबूल केलं. निवृत्त झालेले एक शिक्षक इतर मागास वर्गाच्या दाखल्यासाठी त्याच्याबरोबर कचेरीत खेपा घालायला तयार झाले.

कागदपत्रांचं काम अजून चालू आहे. आजोबांच्या बाप्तिस्म्याची नोंद जालन्याच्या मंडळीच्या जुन्या वहीत मिळते का, ते बघायला त्याचे वडील पुढच्या महिन्यात जाणार आहेत. गेल्या रविवारी उपासनेला मुलगा उशिरा आला आणि मागच्या बाकावर बसला. पाळकसाहेबांनी त्याला खुणेने पुढे बोलावलं आणि वाचायला योहानाचा एकविसावा अध्याय दिला.